“स्थानिक पोरं टिकत नाहीत” म्हणे! (रबाळे-महापेवाल्यांनी वाचावं)

लेथमास्तर

काल इथेच एका युनिटवाल्या साहेबांनी लिहिलं की आठ महिने गेटवर बोर्ड लावलाय, मराठी पोरगा टिकत नाही. एक तिसऱ्या दिवशी गेला, दुसरा गणपतीला गावी गेला तो उगवलाच नाही. शेवटी गोरखपूरचे चार आणले, “ते न बोलता काम करतात”. वर सल्ला, की बाहेरच्यांनी नोकऱ्या पळवल्या हे रडगाणं बंद करा. खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

मी ठाण्याच्या आयटीआयचा टर्नर. १९८७ ला वागळे इस्टेटला लागलो, ते युनिट बंद पडल्यावर इकडे टीटीसीत, म्हणजे रबाळे-महापेच्या एमआयडीसीत आलो. तुमचं ते “न बोलता” काय असतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्या एका वर्कशॉपात तीन पोरं पोटमाळ्यावर झोपायची, बरोब्बर कॉम्प्रेसरच्या डोक्यावर. रात्री साडेनऊला टेम्पो आला की मालक शिडीखाली उभा राहून नुसती एक हाक मारायचा. पोरं खाली यायची. न येऊन जाणार कुठे? त्या पोटमाळ्याचं भाडंसुद्धा पगारातून कापलेलं. त्यातल्या एकाची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर नाव नाही, म्हणून ईएसआयचं, कामगार विम्याचं कार्ड नाही. मालकाने खासगी डॉक्टरकडे टाके घातले आणि आठव्या दिवशी कुशीनगर एक्स्प्रेसमध्ये बसवून दिला. पट्टी त्याची तो गाडीत बदलत गेला असेल.

मी मात्र आठ वाजले की “जमणार नाही” म्हणून सायकल काढायचो. कळव्यात घर होतं, घरी भाकरी होती. मेहनतीबिहनतीचा काही संबंध नाही, मला नाही म्हणता येत होतं, त्याला येत नव्हतं. काम त्याला मिळतं हे खरंय. पण हातात पडतं आमच्याहून कमी आणि बोटं गेली तर गावचं तिकीट. याला तुम्ही “टिकणं” म्हणता.

पावडरकोटिंग

मास्तर, ते लिहिणारा मीच. माझ्याकडे पोटमाळ्यावर कोणी झोपत नाही, तेवढं आधी नोंदवून घ्या.

आता माझं ऐका. माल आज देतो, पैसे नव्वद दिवसांनी. रंगाची पावडर महागली म्हणून पार्टीला फोन केला तर “मग भिवंडीत बघतो दुसरा”. जीएसटी मात्र २० तारखेला भरायचाच, पैसे येवोत न येवोत. ओव्हन असतो १९० डिग्रीला. पॅनेल आत, वेळ लावलेली, आणि दिव्याचा पोरगा एप्रन काढून म्हणतो, सहा अठ्ठावन्नची गाडी आहे. माल आत जास्त राहिला, पांढरा रंग पिवळा पडला. चाळीस पॅनेल पुन्हा घासून मारली. तो तोटा तुम्ही भरता का?

लेथमास्तर

शिफ्ट किती वाजता संपते?

पावडरकोटिंग

सहाला.

लेथमास्तर

मग?

गावठाण_घणसोली

दोघंही मस्त बोलताय. पण स्थानिक कोण ते ठरलंय का? मास्तर, तुमचं मूळ गाव कुठलं? साताऱ्याकडचंच ना? आमच्या ९५ गावांची जमीन सिडकोने घेतली, तेव्हा भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी हाच आमचा रोजगार होता. तो गेला. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागे उरणचा शेतकरी उभा राहिला, गोळीबार झाला, पाच जण गेले. तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, तेही चपला झिजवून. माझ्या आज्याच्या शेतात आज एका केमिकल कंपनीची पार्किंग आहे, आणि त्या कंपनीत माझा चुलतभाऊ गेटवर वॉचमन, एजन्सीकडून. पर्मनंट नाय. आमच्यासाठी तुम्ही सगळेच परप्रांतीय. गोरखपूरवाला जरा लांबून आला, एवढंच.

माथाडीचा_नातू

आलं! कुठलाही धागा असो, दुपारपर्यंत सिडकोवर पोचतो.

माझा आजा जावळीतून मशीद बंदरला आला. शंभर किलोचं पोतं पाठीवर, रात्री गाळ्याच्या फळीवर झोप. तोही तेव्हा “न बोलता” काम करायचा, व्यापारी देईल ते घ्यायचा. मग अण्णासाहेब पाटलांनी युनियन बांधली, १९६९ चा माथाडी कायदा आला. मजुरी माथाडी बोर्डात जमा, वर मालकाकडून लेव्ही म्हणजे जादा टक्के, त्यातून फंड, बोनस, दवाखाना. माणूस तोच, पोतं तेच. घाऊक बाजार वाशीला आल्यावर कोपरखैरण्यात त्याच हमालाने घर घेतलं. तेव्हा बाहेरून आलेला मागे पडतो तो रक्तामुळे नाही, कागद नसल्यामुळे. घणसोलीकरांनी यावरही दोन शब्द लिहावेत.

गावठाण_घणसोली

लिहितो की. ते घर कोणाच्या जमिनीवर आहे?

आणि कागदाच्या गप्पा तुम्ही मारू नका. बाजारात पहाटे चारला जाऊन बघा. माथाडीचा बिल्ला पाटणच्या पाहुण्याचा, पाठ मात्र बिहारच्या पोराची. बिल्लेवाला गावी ऊस बघतोय. हातात निम्मे टेकवायचे आणि निम्मे आपले. आजाने जे भोगलं तेच नातू दुसऱ्याला भोगायला लावतोय.

माथाडीचा_नातू

तोंड सांभाळून. सगळ्या टोळ्या तशा नसतात.

आणि एमआयडीसीत लेबर कोण पुरवतं ते सांगा ना इथे! कचऱ्याचा ठेका, कॅन्टीनचा ठेका, बसचा ठेका, लेबरचा ठेका, सगळे कोणत्या गावचे? आपल्याच चुलतभावाला पर्मनंट करा म्हणून कंपनीच्या गेटवर बसायचं, आणि त्याच गेटमधून आपल्याच ठेक्यावर ओडिशाची पोरं आत सोडायची. बॅनरवर मात्र भूमिपुत्र.

गावठाण_घणसोली

ठेका घेणारे गावात दहा असतील. बाकीच्यांना का धुता?

माथाडीचा_नातू

बिल्ला भाड्याने देणारेपण दहाच असतील. बाकीच्यांना का धुता?

एमए_इको_ठाणे

जरा मूळ मुद्द्यावर येऊ. १९८० मध्ये क्युबातून सव्वा लाख माणसं बोटींतून मायामीला उतरली, काही महिन्यांत. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये हिशोब मांडला की तिथल्या जुन्या कामगारांची मजुरी जवळजवळ हललीच नाही. त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पुढे दुसरे अर्थतज्ज्ञ बोर्हास यांनी तेच आकडे वेगळे लावून दाखवलं की शाळा अर्धी सोडलेल्या पुरुषांची मजुरी चांगलीच पडली. भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणजे बाहेरचे आल्याने “सगळ्यांचं” नुकसान होतं असं नाही, झालंच तर त्यांच्यासारखंच काम करणाऱ्या खालच्या थराचं होतं. शिवाय चिस्विक यांचा १९७८ चा अभ्यास आहे, की अमेरिकेत आलेला माणूस सुरुवातीला कमी कमावतो, पण तेरा-एक वर्षांत तिथल्याला गाठतो. त्यावरही बोर्हास यांचा आक्षेप आहेच...

पावडरकोटिंग

मायामी कुठे, महापे कुठे. तुमच्या कार्डांना म्हणावं एकदा माझा ओव्हन चालवून दाखवा.

लेथमास्तर

मला पटलं थोडं. पण आमच्या पोटमाळ्यावरचा पोरगा तेरा वर्षं थांबला असता तर गाठला असता ना. त्याला आठव्या दिवशी गाडीत बसवला.

नौपाड्याची_आई

लिहू की नको विचार करत होते. माझा मुलगा न्यू जर्सीत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. गेल्या वर्षी त्याच्या टीममधला एक अमेरिकन मुलगा साहेबाशी भांडून सरळ नोकरी सोडून गेला. माझा मुलगा शनिवारीही लॅपटॉप उघडून बसतो. मी विचारलं, तू का नाही भांडत? म्हणाला, आई, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर घर, गाडी, पोरीची शाळा सगळं आवरून निघायचं. मास्तरांचं वाचताना तेच आठवलं. तिकडचे लोकही म्हणतच असतील, हे न बोलता काम करतात.

गावठाण_घणसोली

काकू, तुमच्या पोराला हीटर आहे, गाडी आहे. त्याची पोटमाळ्याशी तुलना नको.

नौपाड्याची_आई

पगाराची तुलना नाहीच करत मी. घाबरण्याची करतेय. आणि हो, आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर दूधवाल्याला, भाजीवाल्याला “यांना हाकला” लिहिणाऱ्यांत ज्यांची मुलं तिकडे आहेत ते सगळ्यात पुढे. मीही एकदा अंगठा दिला होता. आता काढून घेता येत नाही.

माथाडीचा_नातू

सरकारचा ८० टक्के स्थानिकांचा आदेश आहेच की. पण त्यात स्थानिक म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. म्हणजे दिघ्यात १५ वर्षं काढलेला गोरखपूरवालाही स्थानिक! हरियाणाने ७५ टक्क्यांचा कायदाच केला होता, २०२३ मध्ये हायकोर्टाने उडवला. माथाडी बोर्ड वाढवा, लेव्ही सगळीकडे लावा, मग मालक कोणालाही ठेवो. स्वस्त कोणीच मिळणार नाही म्हटल्यावर लांबून आणेल कशाला?

गावठाण_घणसोली

हे पहिलं शहाणपणाचं बोललात. एवढ्या उशिरा का होईना. जमिनीचा मुद्दा मी सोडलेला नाय.

लेथमास्तर

पावडरकोटिंग साहेब, एक विचारतो. तुमच्याकडे माणसं किती?

पावडरकोटिंग

१७.

लेथमास्तर

वीस झाली की पीएफ लागतो, म्हणून १७ ना?

पावडरकोटिंग

१७ मस्टरवर. सात ठेकेदाराचे. सगळेच करतात हो.

लेथमास्तर

ठेकेदाराचेही धरतात. चोवीस झाले.

गावठाण_घणसोली

ठेकेदार कुठला?

पावडरकोटिंग

...तुमच्याच बाजूच्या गावचा.

माथाडीचा_नातू

😂😂

गावठाण_घणसोली

हसा. त्याला ओळखतो मी. उद्या विचारतो.

पावडरकोटिंग

मला व्हिलन करून झालं असेल तर एक सांगतो. परवा त्या चारातला एक म्हणाला, सेठ, छठला महिनाभर जाणार. म्हणजे तेही जातातच, आणि महिनाभर जातात. तेवढं मी काल लिहिलं नव्हतं, मान्य. मास्तर, तुमच्या ओळखीत आहे का कोणी? पावडर मारायची गन चालवायला. शिकवीन मी.

लेथमास्तर

भाचा आहे, कळव्याचा. दहावी, हात चांगला आहे, दुचाकीची टाकी घरी रंगवतो. आठ तास?

पावडरकोटिंग

आठ तास. पुढे ओव्हरटाइम.

लेथमास्तर

दुप्पट. कायदा दुप्पट सांगतो.

पावडरकोटिंग

बरं, दुप्पट. पहिल्या महिन्यापासून मस्टरवर, हेही लिहून घ्या. सोमवारी आठला पाठवा. पण गणपतीला दीड दिवस. त्याच्यावर एक तास नाही.

लेथमास्तर

आमचा पाच दिवसांचा असतो.