व्याज कुठून येते? आणि त्यापायी जीडीपी वाढतच राहायला पाहिजे का?

हिशेबी_नागपूरकर (धागाकर्ता)

नागपूरची २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवते ना, काही तासात शंभर मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो आणि नाग नदी लोकांच्या घरात. माझी मोठी बहीण डागा लेआउटला तळमजल्यावर राहते, कमरेएवढं पाणी होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाण, भाच्याची गाडी, सगळं गेलं. पुढच्या दोन महिन्यात भाऊजींनी साडेचार लाखाचं सामान घेतलं, त्यातले तीन लाख पर्सनल लोन. म्हणजे घरात नवीन काहीच आलं नाही, जे होतं तेच परत आलं, वर ईएमआय लागला, पण जीडीपीत, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या हिशेबात, ही सगळी खरेदी अधिकच्या खात्यात. गाळ काढायला दोन मजूर लावले, तेही अधिक. ताईनं स्वतः आठ दिवस गाळ उपसला, तो शून्य.

आणि हे काही मीच म्हणून राहिलो असं नाही. अमेरिकेसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब ज्यानं बसवला त्या सायमन कुझनेट्सनंच १९३४ च्या अहवालात तिथल्या संसदेला सांगून ठेवलं होतं की या आकड्यावरून देशाचं भलं चाललंय की नाही ते फारसं समजत नाही. संसदेनं आकडा ठेवून घेतला.

जीडीपी दरवर्षी ७ टक्के वाढला म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट. शंभर वर्षांत साडेआठशे पटीच्या वर. साडेआठशे पट कोळसा, पाणी, सिमेंट कुठून आणणार बाप्पा? पण थांबता येत नाही, कारण पैसा जन्मतोच कर्जातून. बँक कर्ज देताना मुद्दल खात्यात तयार करते, व्याज तयार करत नाही, ते फेडायला कोणीतरी अजून कर्ज काढायलाच पाहिजे. ही ट्रेडमिल आहे, विकास नाही.

कर्जखाते_क्लर्क

भाऊ, पुरापर्यंत तुम्ही एकदम बरोबर होता, बँकेत शिरलात आन् गाडी घसरली. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात, म्हणून लिहितो.

कर्ज दिलं की ठेव तयार होते हे खरं आहे, बँक ऑफ इंग्लंडनं २०१४ च्या बुलेटिनमध्ये स्वतःच छापलं आहे, त्यात गुपित काही नाही. पण लोक म्हणतात तसं "हवेतून" नाही. जोखमीच्या १०० रुपये कर्जामागे निदान ९ रुपये भांडवल आमचं पाहिजे, सीआरआर, म्हणजे ठेवींचा रिझर्व्ह बँकेत ठेवायचा हिस्सा, पाहिजे (२०२५ मध्ये तो ४ वरून ३ टक्क्यांवर आणला), आणि कर्जदारानं चेक दुसऱ्या बँकेत टाकला की तिथे खरे पैसे द्यावे लागतात, तिथे खात्यातला आकडा दाखवून भागत नाही.

आता व्याज. समजा गावात एकूण १००० रुपये आहेत, ते मी तुम्हाला दिले, परत ११०० पाहिजेत. तुमच्या हिशेबानं १०० रुपये जगातच नाहीत. पण तुम्ही मला महिन्याला १०० देता, मी त्याच १०० ची तुमच्याकडून भाजी घेतो, पुढच्या महिन्यात तीच नोट परत माझ्याकडे. अकरा महिन्यात फिटलं. नोट फिरते हो! बँक व्याज काही पुरून ठेवत नाही, त्यातूनच ठेवीदाराचं व्याज जाते, शाखेचं भाडं जाते, माझा पगार गेला. महिन्याच्या भिशीत कधी बसला नाही का तुम्ही?

हिशेबी_नागपूरकर

नोटेचं उदाहरण नोटेला लागू आहे काका. बँकेत मुद्दल फेडलं की तेवढी ठेव पुसली जाते, ती भाजी घ्यायला परत येत नाही. परत येते ते फक्त व्याज, आणि तेही सगळंच खर्च झालं तर.

कर्जखाते_क्लर्क

मान्य. पण मुद्दल तर तयार झालंच होतं ना, ते गेलं तर गेलं. अडचण व्याजाची होती आणि ते फिरते, एवढंच माझं म्हणणं. जिथे साठून बसते तिथे अडते, पण तो वाटपाचा प्रश्न झाला, गणिताचा नाही.

बीकॉम_नापास

पुरावर एक भर. जीडीपीतून घसारा वजा केला की एनडीपी, म्हणजे निव्वळ उत्पादन, निघतो, म्हणून कोणी म्हणेल तिथे ताईचा फ्रिज वजा होत असेल. तर नाही. घसाऱ्यात नेहमीची झीज धरतात, पुरासारखं अचानक गेलेलं त्यात धरतच नाहीत, आणि घरातला फ्रिज तर मालमत्ताच समजत नाहीत, घेतला त्या दिवशीच खपला. (नापास आहे पण या प्रश्नाला पाच मार्क पडले होते.)

मिलवाल्याचा_नातू

तुमचं सगळं वाचलं. एक सांगा, वाढ थांबली की पहिले घरी कोण जाते? आमचे आजोबा एका कापड गिरणीत होते. गिरणी वाढायची थांबली, मग यंत्र जुनी झाली, मग पगार उशिरा, मग बंद. त्यावेळी "पुरेसं झालं" म्हणायला कोणी प्रोफेसर आला नाही, सामानाची उधारी बंद झाली तेवढी. आज माझा भाऊ हिंजवडीत आहे कारण इथे त्याच्या कामाचं काही नाही, विमानतळाजवळच्या मिहान उद्योग प्रकल्पाची वाट पाहता पाहता त्याचं लग्न झालं. ज्या शहरात वाढ धड आलीच नाही तिथे वाढ जास्त झाली म्हणून धागे काढायचे, हे पोट भरलेल्या माणसाचे धंदे आहेत, रागावू नका.

हिशेबी_नागपूरकर

रागावलो नाही, पण उलटं पहा. एम्प्रेस मिल ही कापड गिरणी १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे सुरू केली. मिल गेली, तिथे आता मॉल आहे. आणि नेमक्या ज्या वर्षांत गिरण्यांचे भोंगे बंद झाले, १९९१ नंतर, त्याच वर्षांत देशाचा जीडीपी जोरात होता. मग वाढीनं तुमच्या आजोबांना कुठे वाचवलं?

इथून ७५ किमीवर वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींचे सहकारी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा बसत, कोलंबियात शिकलेले, पेशानं हिशेबनीस, १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम. ते म्हणत अर्थव्यवस्था दोन, एक साठ्याची आणि एक ओघाची. कोळसा, पेट्रोल हा साठा, उपसला की संपला आणि त्यावरून भांडणं. ऊन, पाणी, झाड हा ओघ. मला तर हे

मिलवाल्याचा_नातू

अर्धवटच पोस्ट झालं तुमचं. लाइट गेली का? कोराडीच्या वीज केंद्राचा कोळसा संपला असेल 😄

हिशेबी_नागपूरकर

हो गेली होती, हसा. पण २०२२ च्या पावसाळ्यात त्याच कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ज्यांच्या वावरात राख गेली ते नाही हसले.

काटोलचा_कास्तकार

क्लर्क काका, एक इचारू का. तुमी म्हंता कर्ज दिलं की पैसा तयार होते. मंग माह्या सातबाऱ्यापाशी आला का तो काऊन तयार होत नाही? ३ लाखापर्यंत वेळेवर भरलं त शून्य टक्के हाय, मले मालूम हाय, मी भरत होतो. एक साल संत्र्याची गळ झाली, हप्ता राह्यला, तवापासून थकबाकीदार. आता शून्य बी गेलं आन् नवीन कर्ज बी. गावातला सावकार शेकडा ३ घेते, महिन्याले. त्याच गावात एकाले ट्रॅक्टरचं लोन घरी येऊन देऊन गेले, त्याचं वावर माह्यापेक्षा कमी हाय.

कर्जखाते_क्लर्क

ट्रॅक्टर तारण असते, ओढून नेता येते. गळलेला बहार ओढून नेता येत नाही. मी नियम सांगून राहिलो, बरोबर आहे असं नाही म्हणत. थकीत खातं पुनर्गठनात, म्हणजे मुदत वाढवून हप्ते नव्यानं पाडण्यात, बसते का ते पहा, पण त्याला तुमच्या भागात नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेली पाहिजे. झाली होती का त्या साली?

काटोलचा_कास्तकार

आमच्या सर्कलमंधी नाही झाली. नाल्याच्या पल्याड झाली.