जानेवारीची फाइल उघडते, फेब्रुवारी टाकला की पायथॉन एरर देतंय (बचत गटाचा हिशोब)

नवशिकी_अकोला
नमस्कार सगळ्यांना. पायथॉन शिकायला लागून दीड महिना झालाय, व्हिडिओ बघून शिकतेय, लूप आणि डिक्शनरीपर्यंत आलेय. आई आमच्या गल्लीतल्या बचत गटाची सचिव आहे, १४ बायका, दर महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये, आणि तीन वर्षांचा हिशोब वहीत होता तो मी एक्सेलमध्ये मराठीतच उतरवला कारण गटातल्या सगळ्यांना तो वाचता आला पाहिजे. कॉलम तीनच, नाव, महिना, पैसे. मग 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केली. आता प्रत्येकीचे एकूण किती जमा झाले ते काढायचंय.

आधी जानेवारीच्या चारच ओळी घेऊन बघितलं, कमला, शारदा, वैशाली, रेखा. फाइल उघडली पण प्रिंट केलं तर नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, येनचं चिन्ह असलं काहीतरी दिसतंय. म्हटलं फॉन्टचं काहीतरी असेल. मग त्याच चौघींच्या फेब्रुवारीच्या ओळी खाली टाकल्या तर प्रोग्रॅम सरळ पडतो, 'युनिकोड डीकोड एरर, चारमॅप कोडेक' आणि पुढे 'बाइट ०एक्स८डी' असं येतं. मैत्रिणीने हीच फाइल गूगल कोलॅबवर (ब्राउझरमध्येच पायथॉन चालतं ती साइट) उघडली तर तिला मराठी नीट दिसतंय पण 'की एरर' येतो आणि समोर 'नाव' लिहिलेलं असतं, कॉलमचं नाव तर नावच आहे! दोन दिवस झाले इथेच अडकलेय. लॅपटॉप विंडोजचा आहे. माझी फाइल खराब झालीय का? पुन्हा सगळं टाइप करायची वेळ येऊ नये एवढंच वाटतंय.

रात्रपाळी
ओपनच्या कंसात एरर्स बरोबर 'इग्नोर' लिही, एरर जाईल.

जुनी_स्क्रिप्ट
रात्रपाळी, हा सल्ला कृपया नका देऊ, विशेषतः हिशोबाच्या फाइलला. एरर जाईल खरी पण जे बाइट वाचता आले नाहीत ते गुपचूप गळून पडतील आणि उरलेलं तसंच अगम्य राहील, आणि तेच कोणी परत सेव्ह केलं तर मूळ नाव कायमचं गेलं.

ताई, तुमची फाइल अगदी ठणठणीत आहे, काही परत टाइप करायचं नाही. झालंय असं की फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) मध्ये आहे आणि विंडोजवर पायथॉनला काही सांगितलं नाही तर ते विंडोजचं जुनं कोडपेज, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर याचा तक्ता, धरून वाचतं, आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपवर ते १२५२ असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, काना मात्रा वेलांटी धरून प्रत्येक. १२५२ ला हे माहीत नाही, ते प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतं, म्हणून कमलाच्या एका क ऐवजी तीन विचित्र चिन्हं दिसतात.

आता जानेवारी चालतो आणि फेब्रुवारी का नाही, तर १२५२ मध्ये पाच बाइट रिकामे आहेत, ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी, त्यांना कुठलंच अक्षर दिलेलं नाही. आणि आपण अक्षराचा पाय मोडतो ना, त्या हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका ८डी. जानेवारीत जोडाक्षर नाही, तुमच्या चार नावांतही नाही. फेब्रुवारीत ब चा पाय मोडला की पायथॉनला ८डी भेटतो आणि ते थांबतं. तुमच्या एररमध्ये तोच बाइट लिहून आलाय बघा. पहिला उकार ८१ वर पडतो, झ ९डी वर, ए आणि ऐ ८एफ आणि ९० वर. म्हणजे जुलै आला असता तरी पडलंच असतं. त्यामुळे एरर आली ते बरंच झालं, जानेवारी न कुरकुरता चुकीचा वाचला गेला होता ते जास्त धोक्याचं.

उपाय एका ओळीचा. ओपनच्या कंसात फाइलच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन एन्कोडिंग, मग बरोबरचं चिन्ह, मग 'यूटीएफ-८-सिग' लिहा, अवतरणात. शेवटचं 'सिग' विसरू नका, मैत्रिणीचा की एरर त्यानेच जाणार आहे. एक्सेल असं सेव्ह करताना फाइलच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवतं, ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते आणि 'नाव' हे खूण अधिक नाव होऊन बसतं, डोळ्यांना सारखंच दिसतं. 'सिग' म्हटलं की पायथॉन ती खूण काढून मग वाचतं.

आणि एक, एक्सेलमधून कधीही साध्या 'सीएसव्ही' पर्यायाने सेव्ह करू नका, त्यात मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं जातात आणि ती परत आणता येत नाहीत. मूळ एक्सेल फाइल जपून ठेवा.

नवशिकी_अकोला
दादा चाललं!! सगळी नावं मराठीत दिसली, आईला बोलावून दाखवलं. ८डी वाचून मी मुद्दाम जुलैची एकच ओळ टाकून जुन्या पद्धतीने रन केलं तर खरंच ८१ आला.

आता पुढचं. पैसे मिळवले तर ४०० च्या ऐवजी '२००२००' असं चिकटून येतंय. आकडे मी मराठीत टाइप केलेत, ते आता इंग्लिश करावे लागतील का? आणि एक जण सहा महिन्यांचे एकदम भरते, तिचे 'एक हजार दोनशे' मी स्वल्पविराम देऊन १,२०० लिहिलेत, तिथे स्प्लिट केल्यावर ओळीचे चार तुकडे होतात.

पंचगंगाकाठ
आकडे बदलू नकोस! पायथॉनच्या इंटला (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) देवनागरी आकडे सरळ कळतात, इंटच्या कंसात '२००' दिलंस की २०० च मिळतात, अगदी एकाच संख्येत अर्धे मराठी अर्धे इंग्लिश आकडे पडले तरी चालतं. मला हे कळलं तेव्हा मी एक अख्खी संध्याकाळ दहा आकड्यांची रिप्लेस लिहिण्यात घालवली होती म्हणून आवर्जून सांगतोय. चिकटून येतंय कारण फाइलमधून येतं ते सगळं मजकूर म्हणूनच येतं, मजकुराला अधिक केलं की जोडला जातो, त्यामुळे आधी इंट मग बेरीज. इनपुटने विचारलेल्या आकड्याचंही हेच असतं.

स्प्लिट मात्र सोड. सीएसव्ही नावाचं मॉड्यूल पायथॉनबरोबरच येतं, त्यातला डिक्टरीडर वापर, तुझ्या मैत्रिणीने बहुतेक तोच वापरलाय. एक्सेल १,२०० ला अवतरणात घालून ठेवतं आणि डिक्टरीडर त्या अवतरणाचा मान राखतो, स्प्लिटला ते कळत नाही. मग पैसे वाचले की आधी स्वल्पविराम रिप्लेसने काढ आणि मग इंट. वहीत '२००/-' लिहायची सवय असते तसं कुठे उतरवलं असशील तर तेही तिथेच काढ. तरी व्हॅल्यू एरर आलीच तर तिची शेवटची ओळ वाच, अवतरणात नेमकं काय खटकलं ते लिहिलेलं असतं, तिथे काहीच नसेल तर तो रकाना रिकामा आहे.

नवशिकी_अकोला
'/-' होतं, सात ठिकाणी! झालं सगळं. बेरीज येतेय. पण बायका १४ आणि डिक्शनरीत नावं १५. कुऱ्हाडे काकू दोनदा येतायत, एकदा ४८०० आणि एकदा २४००. दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी आहेत, स्ट्रिप लावून पाहिलं, तरी दोनच. पायथॉनला दोन्ही सारखी आहेत का विचारलं तर फॉल्स म्हणतं.

जुनी_स्क्रिप्ट
ही अडचण खास आपली मराठीची आहे. प्रिंट करताना नावाभोवती रेप्र लावा, म्हणजे न दिसणारी चिन्हं उघडी पडतात. माझा अंदाज, एका नावात ऱ च्या मागेपुढे '२००डी' दिसेल, तो एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा क्रमांक.

कुऱ्हाडे मधला तो आडवा ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ऱ चं वेगळं अक्षर, हलन्त, ह. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. स्क्रीनवर फरक शून्य, पायथॉनला वेगळे शब्द. काही ओळी लॅपटॉपवर आणि काही मोबाइलवर टाइप केल्या असतील तर असं होतं. स्ट्रिप फक्त दोन्ही टोकांची मोकळी जागा काढतं, याला हात लावत नाही. युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं असेल तर एका रूपात आणणारं) हेही हे दोन एक करत नाही.

आणि नुसतं ते जोडचिन्ह पुसू नका, पुसलंत तर र चा रफार होऊन नाव कुर्हाडे होईल आणि तिसरंच नाव तयार होईल. र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिन्ही मिळून जिथे येतात तिथे रिप्लेसने ऱ आणि हलन्त ठेवा, मग स्ट्रिप, आणि मगच डिक्शनरीत. हे एक छोटं फंक्शन करून ठेवा, 'नाव_साफ' म्हणा, पायथॉन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं.

नवशिकी_अकोला
'२००डी' च होतं. अर्ध्या ओळी बहिणीने मोबाइलवर टाइप केल्या होत्या. आता १४ नावं.

वहीत आईची एकूण बेरीज १,००,८०० आहे, माझी १,००,६०० आली. आधी वाटलं परत कोडच चुकलं, पण तेरा जणींचे ७२०० आणि एकट्या शारदा मावशींचे ७०००, म्हणून त्यांच्या ३६ महिन्यांवर टिक करत बसले तर मागच्या वर्षीचा ऑगस्टच नाही. वहीची दोन पानं चिकटलेली होती, बाकीच्यांचे आईने पाठच्या पानावर पुन्हा लिहून ठेवले होते, मावशींचे तेवढे आतच राहिले. ओळ टाकली, रन केलं, १००८००.

आता यादी परत फाइलमध्ये लिहून एक्सेलमध्ये उघडली तर मराठी पुन्हा विचित्र दिसतंय आणि प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ.

पंचगंगाकाठ
लिहितानाही एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग'च दे, ती खूण दिसली की एक्सेलला कळतं. आणि त्याच कंसात न्यूलाइन बरोबर रिकामं अवतरण, रिकाम्या ओळी जातील.

नवशिकी_अकोला
गेल्या. रविवारी मीटिंग आहे, प्रिंट काढतेय.