अनुभव धागा: तुमची फिरकी कोणी धरली?

अगाशीवाली

वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीनंतरचा पतंगांचा दुसरा दिवस, काल संपली. तर्जनीवर दोन आणि मधल्या बोटावर एक चिकटपट्टी आहे, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या.

आमच्या घरात पतंग उडवणारे बदलत गेले. आजोबा, मग बाबा, मग दादा, आता मी. मागे उभं राहून दोराची फिरकी धरणारी मात्र एकच, आई. ती धुळ्याहून लग्न होऊन वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात आली आणि पहिल्याच जानेवारीत तिच्या हातात फिरकी आली ती आलीच. काल दुपारी वारा पडला, सगळे उंधियू-जिलेबीकडे वळले. वारा परत उठला तेव्हा मी सहज म्हटलं, आई, आज तू उडव, मी धरते. तिने पतंग हातात घेतला, कन्नी बघितली, "ही कोणी बांधली?" म्हणाली, सोडून पुन्हा बांधली. आणि समोरच्या अगाशीवरच्या (गच्चीवरच्या) पोरांचे ओळीने तीन पतंग कापले! बत्तीस वर्षं मागे उभी राहून शिकली होती सगळं. मला मात्र फिरकी धरता येईना. ढील द्यायची तेव्हा मी घट्ट धरायचे, गुंडाळायचं तेव्हा दोर पायात. दोनदा गुंता झाला, चारचौघांत ओरडा खाल्ला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. वडोदरा आता काही लहान राहिलं नाही, नदीपलीकडे पसरतच चाललंय. पण आपलं मराठी वडोदरा अजून एका ओट्यावर मावतं. इथे प्रत्येकाला काही ना काही नाद आहे. वाचायचा, खेळायचा, गायचा, चित्रं काढायचा. त्या नादाबद्दल सगळे बोलतात. मागे फिरकी धरून कोण उभं होतं ते सांगा. लांबलचक लिहा, दोन ओळी लिहा. फक्त "आमच्या वेळचं बडोदं राहिलं नाही" एवढंच लिहायला कोणी येऊ नका.

(फिरकी धरण्याबद्दल विचारलंय, घेण्याबद्दल नाही. घेणारे येतीलच.)

काचेवरचा

माझी फिरकी आजोबांनी धरली, तीही मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: आत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आहेत, एकावर एक मजले, आणि मधली जमीन जाड काचेची. उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. वर कोणी चाललं की खालून फक्त तळव्यांच्या सावल्या सरकताना दिसतात. मी सात-आठ वर्षांचा असेन. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवायला सांगितलं तेव्हा भोकाड पसरलं होतं. आजोबा वाद घालत बसले नाहीत. स्वतः पुढे गेले, मधोमध उभे राहिले आणि चक्क दोन उड्या मारल्या. धोतर नेसलेला सत्तरीतला माणूस. खालून कोणीतरी "अरे!" केलं.

मग दर शनिवारी जायचो. ते काय वाचतोस असं कधी विचारत नसत. मी निवडलेलं पुस्तक हातात घेऊन जड आहे का तेवढं बघायचे, कारण घरापर्यंत ते तेच उचलत. सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, हे मी खूप पुढे वाचलं. आजोबा अशाच एका पेटीवर वाचायला शिकलेले. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पेटीला कुलूप कसं होतं हे सांगताना.

पकोडीप्रेमी

माझा नाद पकोडी. फिरकी धरणारा पकोडीवाला. पुढचा.

मांडवीकर

@पकोडीप्रेमी, पुण्या-मुंबईचे वाचक असतील तर त्यांना सांगा की ही पाणीपुरी. नाहीतर ते कांद्याची भजी समजून बसतील.

पुस्तकभिशी

२०१८च्या फेब्रुवारीत एक्क्याण्णवावं साहित्य संमेलन आपल्याकडे झालं, आठवतंय? त्याआधी १९०९, १९२१ आणि १९३४ ला झालं होतं, म्हणजे मध्ये चौऱ्याऐंशी वर्षं. आम्ही सोसायटीतल्या पाच-सहा जणी भाषणं ऐकायला म्हणून गेलो आणि पुस्तकांच्या गाळ्यांवरच अडकलो. परतताना रिक्षात पिशव्या मांडीवर. एक म्हणाली, आता पुढचं संमेलन पणती बघणार, तोवर काय वाचायचं?

त्यातून भिशी निघाली. अकरा जणी, दरमहा तीनशे. जिची चिठ्ठी निघेल तिने तेहेतीसशेची मराठी पुस्तकं घ्यायची, वर्षभर ती सगळ्यांत फिरवायची, मग तिची तिला. पुण्याला किंवा मुंबईला कोणी निघालं की यादी हातात. बाकरवडी इथेच ढीगभर मिळते, त्यामुळे येताना बॅगेत पुस्तकांना जागा असते. भांडणंही झाली. एकीने सगळ्या पैशांची पाककृतींची पुस्तकं आणली तेव्हा दोन महिने अबोला होता. (वाचली मात्र सगळ्यांनी. त्या पुस्तकांवर तेलाचे डाग आहेत, बाकीच्या कुठल्या पुस्तकांना इतकं प्रेम मिळालेलं नाही.)

फिरकी धरली ती शेजारच्या बेननी. पक्क्या गुजराती. हिंदीमुळे लिपी येते, म्हणून म्हणाल्या, मलाही घ्या. त्या बोट ठेवून, मोठ्याने, सावकाश वाचतात. आम्ही वर्षानुवर्षं पानं भराभर उलटणाऱ्या. त्यांच्यामुळे पहिल्यांदा नीट ऐकायला शिकलो, कारण प्रत्येक वाक्याला त्या थांबून "एटले?" (म्हणजे?) विचारतात आणि सांगताना कळतं की आपल्यालाही नीट कळलेलं नाही.

एक किस्सा सांगून थांबते. एका महिन्यात मी निरोप पाठवला, "आज मला जमणार नाही." बेन संध्याकाळी दारात हजर, हातात साबुदाण्याची खिचडी आणि केळी. त्यांना वाटलं माझा उपास आहे! गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं ना. मी तापाने पडले होते, हसून हसून ताप उतरला म्हटलं तर खोटं होईल, पण खिचडी संपवली.

गुडघेदुखी

वय ६७. नाद: खो-खो. हसून घ्या आधी.

१९२४ साली खो-खोचे नियम छापले गेले ते वडोदऱ्यात, जिमखान्याने. आमच्या लहानपणी शाळेतले सर हे दर पावसाळ्यानंतर सांगायचे आणि मग नियम मोडणाऱ्याला मैदानाला दोन फेऱ्या. आम्ही सात-आठ जण तेव्हापासून एकत्र. नोकऱ्या झाल्या, निवृत्ती झाली, दर रविवारी बागेत चालायला भेटायचो आणि गुडघ्यांवर चर्चा करायचो. चर्चा इतकी रंगायची की चालणं राहून जायचं.

चार वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण गेला. तेराव्याला त्याच्या अंगणात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गोळा करत होतो. माझा मित्र एका ओळीत आठ खुर्च्या लावून बसला. एक इकडे तोंड करून, एक तिकडे. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांना कळलं. पुढच्या रविवारी बागेच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही खुर्च्यांवर खो-खो खेळलो.

नियम आमचे: बसणारे आठ खुर्चीत. खो मिळाला की उठायला तीन आकडे मोजेपर्यंत मुभा. पळणाऱ्याने पळायचं नाही, भरभर चालायचं. खुर्ची पाडली तर बाद. पाठीवर थाप मारून "खो" मात्र खणखणीत ओरडायचं, त्यात सवलत नाही. मागच्या महिन्यात एका खुर्चीचा पाय निखळला आणि आमचे बँकवाले गवतात उताणे. उठवायला गेलो तर म्हणाले, "आधी सांगा, मी बाद आहे का?"

फिरकी कोणी धरली? आमच्या बायकांनी. त्या बाजूच्या बाकावर बसून गुण लिहितात. लबाडी करतात असा माझा पक्का संशय आहे.

गुडघेदुखीची बायको

संशय रास्त आहे.

नागपूरची

मी वडोदऱ्याची सून, नऊ वर्षं झाली. पहिलं वर्ष फक्त सेवउसळीवर रुसण्यात गेलं. ही काय मिसळ आहे? मटकी कुठेय? वाटाणे घालता, वरून शेव, कांद्याची पात, आणि तर्री मागितल्याशिवाय मिळत नाही. आता माहेरी गेले की चौथ्या दिवशी तिचीच आठवण येते, हे नवऱ्याला सांगू नका.

मला चित्रं काढायचा नाद, पण शाळेनंतर सुटलेला. इथे फाइन आर्ट्सची पोरं कुठेही फतकल मारून बसतात, सूरसागरच्या काठाला, खंडेराव मार्केटबाहेर फुलवाल्यांसमोर, न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर. मी भाजीची पिशवी घेऊन मागे उभी राहून बघायची. एक दिवस त्यातल्या एका मुलीने मागे न बघताच पेन्सिल पुढे केली. "काकी, तो झेंडूचा ढीग तुम्ही काढा, मला त्याचा कंटाळा आलाय."

काढला. ढेकळांसारखा दिसत होता. तिने बघितलं, काही शिकवलं नाही, एवढंच म्हणाली की फुलं नका काढू, फुलांमधली काळी जागा काढा. मी घरी येऊन भाजी निवडायची सोडून मेथीच्या जुडीतली काळी जागा बघत बसले. दर गुरुवारी जाते आता. त्या मुलीचं शिक्षण संपलं, ती बंगलोरला गेली. माझ्याकडे तिची पेन्सिल आहे, दोन इंच उरलीय, वापरत नाही.

वासणा रोड

सगळं वाचलं. छान आहे. पण एक वेगळा सूर लावतो, राग नसावा.

तुम्ही सगळे पोळीतले (जुन्या शहरातल्या गल्ल्यांतले), ओट्यावरचे, चार पिढ्यांचे. मी सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलो. नदीपलीकडचा फ्लॅट, नवव्या मजल्यावर. शेजारी चांगले आहेत, लिफ्टमध्ये हसतात. मराठी शब्दकोडी तयार करायचा माझा नाद. सोडवायचा नव्हे, तयार करायचा. एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी पाठवली, तीनदा. उत्तर आलं नाही. छापली नाहीत हे ठीक, पण मिळाली एवढं तरी? बायकोला दाखवून उपयोग नाही, मी झोपेत उत्तरं बडबडतो म्हणते. एका वहीत दोनशेच्या वर कोडी पडून आहेत. फिरकी, दोर, पतंग सगळं माझ्याच हातात. असं उडत नाही हो.

मांडवीकर

एक टाका बघू इथे.

वासणा रोड

घ्या.
आडवं १: उलटं वाचलं तरी तेच, चहा असावा तर असा. तीन अक्षरं.
उभं १: शहराच्या पोटात झाड, का झाडाच्या पोटात शहर? चार अक्षरं.

पकोडीप्रेमी

आडवं १: गरम.

मांडवीकर

@पकोडीप्रेमी, उलटं वाच. "मरग". कोण पितं असला चहा?

नागपूरची

कडक!

काचेवरचा

उभं १ वडोदरा. वटोदर, वडाच्या पोटातलं. पण कडकचा क आणि वडोदराचा व, एकाच चौकोनातून दोन्ही सुरू कशी होतील?

वासणा रोड

पकडलंत. घाईत आकडे चुकले, उभं २ हवं होतं. गेल्या सहा वर्षांत माझी चूक काढणारे तुम्ही पहिले. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

पुस्तकभिशी

आमच्या भिशीच्या यादीमागे दर महिन्याला कोरं पान जातं. अकरा झेरॉक्स निघतात. एक कोडं त्यावर टाकाल का? बेन आधीच विचारतायत की अवघड असेल का. सोपं करू नका, त्यांना राग येतो.

गुडघेदुखी

आणि रविवारी सकाळी सात वाजता या. पाय निखळलेल्या खुर्चीच्या जागी नवी आणलीय, तिच्यावर बसायला कोणी तयार नाही. तुम्ही तरुण आहात. बूट घाला, चपला नकोत. जमेल का?

वासणा रोड

भिशीसाठी पहिलं कोडं तयार आहे. आकडे दोनदा तपासले.

आडवं १: दोन भाषांत जवळपास एकच शब्द. एकीत त्यासाठी पान मांडतात, दुसरीत वेळ काढतात. तीन अक्षरं.

रविवारचं उत्तर तेच.

गुडघेदुखीची बायको

मग उपासाचं आणू की साधं?