साडेचार महिन्यांचं बाळ मांडीवर झोपतं, खाली ठेवलं की टक्क जागं! काय करू?

पहिलटकरीण_जुळेसोलापूर:
नमस्कार सगळ्यांना. मी जुळे सोलापूरला राहते, मुलगा साडेचार महिन्यांचा आहे, पहिलंच बाळ. बाळंतपणाला माहेरी बार्शीला होते, तिथं आईनं साडीची झोळी बांधली होती आणि त्यात तो दोन झोक्यात झोपायचा, झोपवणं म्हणजे काय मला कळलंच नाही. आता सासरी येऊन सव्वा महिना झालाय, इथं स्लॅबला कडी नाही म्हणून झोळी नाही, आणि रोज रात्री नऊ ते साडेअकरा घरात नुसता गोंधळ. मांडीवर हलवते, खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फिरते, अंगावर पाजते. पाजता पाजता झोपतो, हात एकदम सैल पडतो, मग हळूच गादीवर ठेवायला जाते तर पाठ टेकली रे टेकली की दोन्ही हात फेकून दचकतो आणि टक्क डोळे उघडे. परत पहिल्यापासून. काल पाच वेळा असं झालं, शेवटी त्याच्यासोबत मीच रडायला लागले.

सासूबाई खरंच खूप मदत करतात, पण त्या म्हणतात दृष्ट लागलीय, मीठ-मोहरी उतरव, ओव्याची धुरी दे आणि गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त दे म्हणजे गुंगून झोपेल. मला जायफळाची भीती वाटते. मिस्टरांचं नवी पेठेत दुकान आहे, घरी यायला साडेनऊ होतात, दिवसभर लेकरू दिसलेलं नसतं त्यामुळं आल्या आल्या वर उडवून खेळवतात, बाळ खिदळतं आणि दहाला रडारड सुरू. पण त्यांना खेळवू नका असं कुठल्या तोंडानं सांगू? तेवढाच अर्धा तास मिळतो त्यांना. वजन छान वाढतंय, लसीच्या वेळी डॉक्टरांनी बघितलं, सगळं ठीक म्हणाले. रात्रीतून पण दर दीड-दोन तासाला उठतो. उन्हाळा डोक्यावर आलाय. सोलापूरकडचं कुणी असेल तर सांगा प्लीज.

पूर्वभागातली_आई:
ताई, वाचून माझाच मागचा वर्षाचा काळ आठवला बघा. आधी एक सांगा, संध्याकाळी तो शेवटचा किती वाजता उठतो? कारण या वयाचं बाळ सलग दीड-दोन तासांपेक्षा जास्त जागं राहू शकत नाही. सहाला उठला असेल आणि तुम्ही दहाला झोपवायला घेत असाल तर तो दमून दमून पार पलीकडं गेलेला असतो, आणि दमलेलं लेकरू मोठ्या माणसासारखं गपकन झोपत नाही, उलट जास्त किरकिर करतं. आपल्याला वाटतं अजून झोप आली नाही, खेळू दे. डोळे चोळणं, कान ओढणं, नजर कुठंतरी लागून राहणं, हे दिसलं की त्याच मिनिटाला उचलायचं, जांभया यायची वाट बघायची नाही.

आणि चौथ्या महिन्याच्या आसपास झोप बदलतेच त्यांची. झोपेचा एक फेरा साधारण ४० ते ५० मिनिटांचा असतो, फेरा संपला की ते अर्धवट जागं होतं आणि बघतं मी कुठंय. मांडीवर झोपलं होतं आणि आता गादीवर आहे म्हटल्यावर घाबरणारच ना. आपण झोपलो स्वयंपाकघरात आणि जाग आली गच्चीवर तर आपण पण ओरडू की ओ.

आमच्या घराला लागून कारखाना आहे, रात्री उशिरापर्यंत यंत्रमाग चालतात. पाहुणे म्हणायचे या खटखटीत बाळ कसं झोपतं, पण माझी मुलगी त्या आवाजातच झोपायची, आणि लाईट गेली, माग थांबले की सेकंदात उठून बसायची! म्हणून सांगते, घर एकदम चिडीचूप करायच्या मागं लागू नका. फॅनचा एकसारखा आवाज चालू ठेवा, बाहेरच्या गाडीच्या हॉर्ननं दचकायचं कमी होतं. टीव्ही मात्र बंद, त्याचा आवाज आणि उजेड सारखा बदलत राहतो.

निवृत्त_सिस्टर_सोलापूर:
अगं पोरी, मी तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, म्हणून थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. जायफळ अजिबात वाढवायचं नाही. ते प्रमाणाबाहेर गेलं तर विषारी असतं, आणि वेढा कुणी किती दाबून घेतला ते कुणाला मोजता येतं? गुंगी आणि झोप एक नाही. धुरी पण नको, एवढ्याशा छातीला तो धूर सोसत नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीसच्या उन्हात सुद्धा वरचं पाणी लागत नाही, दूध जास्त वेळा पाज. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचा पण नाही. मीठ-मोहरी उतरवायची तर उतरव, सासूबाईंना बरं वाटेल, बाळाला त्रास नाही, फक्त त्याच्याजवळ जाळू नका.

झोळी नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. झोळीत बाळ गोळा होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबू शकते, रात्रभरासाठी ती जागा नव्हे. खाली सपाट, घट्ट गादी, वर सुती चादर ताणून बसवलेली, आणि बाळ पाठीवर. मोहरीची उशी, लोड, मऊ खेळणी सगळी बाजूला. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी बाळांना पालथं झोपवू नका म्हणून सांगितलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथं झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आलं, आम्ही तेव्हापासून प्रत्येक बाळंतिणीला हेच सांगत आलो. आपली सोलापुरी चादर कितीही लाडकी असली तरी बाळाच्या अंगावर नको, जड पडते, तोंडावर आली तर त्याला काढता येत नाही. उकडतंय का हे मानेच्या मागं हात लावून बघायचं, हातापायांवरून नाही. कूलर लाव पण वारा थेट अंगावर नको आणि खिडकी उघडी ठेव.

दचकतं म्हणतेस ते या वयात असतंच, सहाव्या महिन्यापर्यंत जातं. दुपट्यात हात गुंडाळले तर कमी होईल, पण कुशीवर वळायला लागला असेल तर गुंडाळणं बंद म्हणजे बंद. आणि कधी ताप आला, दूध ओढेना झाला, एकसारखा किंचाळायला लागला किंवा नेहमीपेक्षा मलूल दिसला तर झोपेच्या नादात थांबायचं नाही, सरळ डॉक्टरांकडं जायचं.

होटगी_रोडकर:
दोन दिवस रडू द्या, आपोआप सवय लागेल. आमच्या घरात असंच केलं सगळ्यांनी.

पूर्वभागातली_आई:
दादा, साडेचार महिन्यांचं आहे हो ते. इतक्या लहान बाळाला नुसतं रडत ठेवायला मी तरी सांगणार नाही. भूक, गॅस, ओलं लंगोट, काय आहे ते रडण्यातूनच कळतं ना आपल्याला.

दोन_लेकरांचा_बाप:
वैनी, मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूनं लिहितोय. माझं पण दुकानाचंच काम, घरी येईपर्यंत दहा. मोठ्या मुलीच्या वेळी मी पण हेच करायचो, आल्या आल्या वर उडवायचं, हसवायचं, आणि मग बायको रात्री बारापर्यंत तिला घेऊन फिरायची. मला वाटायचं मी तर खूश केलं लेकराला. एक दिवस तिनंच सांगितलं की तुम्ही पेटवून देता आणि विझवायला मला ठेवता. लई लागलं मनाला.

मग आम्ही वेळ बदलली. सकाळचं तेल लावणं आणि आंघोळ माझ्याकडं घेतली, दुकान साडेदहाला उघडतं तर आठ ते नऊ लेकरू माझं. पायावर पालथं घालून पाणी घालायला आईनं शिकवलं, पहिले चार दिवस हात कापायचे माझे. तुमच्या मिस्टरांना हे सांगून बघा, नाही म्हणण्यापेक्षा दुसरा तास द्या, आनंदानं घेतील.

रात्री यायच्या आत बाळ झोपलं असेल तर असू दे. जागं असेल तर खेळवायचं नाही, झोपवायचं. आणि हे बापानं करावं असं माझं मत आहे, कारण आईच्या अंगाला दुधाचा वास येतो, बाळ तिच्याकडं गेलं की तोंड मारतं. बायकोनं पोटभर पाजायचं, ढेकर काढायचा, मग माझ्याकडं. दिवा बंद, झिरोचा बल्ब सुद्धा कोपऱ्यात. मी छातीशी धरून एकच सूर गुणगुणायचो, शब्द नाहीत काही नाहीत, नुसतं हूं हूं, त्यांना छातीतली ती घरघर जाणवते. पूर्ण झोपू द्यायचं नाही, पापण्या जड झाल्या, अंग सैल पडायला लागलं की खाली.

आता ठेवायचं कसं ते नीट वाचा, सगळी गंमत इथं आहे. डोकं आधी खाली गेलं की त्याला पडल्यासारखं वाटतं आणि ते हात फेकतं. म्हणून आपणच गुडघ्यावर बसून, बाळ छातीला चिकटलेलं तसंच ठेवून पूर्ण वाकायचं. आधी पाय टेकवायचे, मग ढुंगण, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. तेव्हाही आपली छाती त्याच्यावर हलकी टेकलेली, वजन न टाकता. असं दहा-पंधरा श्वास थांबायचं. मग आपण वर यायचं पण एक हात त्याच्या छातीवर आणि दुसऱ्यानं दोन्ही मुठी पोटावर धरलेल्या. डोक्याखालचा हात ओढून काढायचा नाही, सरकवत काढायचा. किरकिर केली तर लगेच उचलू नका, तिथंच थोपटा, एक मिनिट द्या. रडायला लागला तर उचला, शांत करा, परत ठेवा. पहिल्या रात्री मी अकरा वेळा ठेवलं. माझी कंबर गेली. चौथ्या रात्री तीन वेळा.

पहिलटकरीण_जुळेसोलापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार, आज नऊ दिवस झाले म्हणून लिहायला आले. पूर्वभागातल्या ताईंनी विचारलं तसं बघितलं, तर तो साडेपाचला उठून दहापर्यंत जागाच असायचा! आता सव्वासातला अर्ध्या तासाची एक डुलकी होऊ देते आणि नऊला खोलीत नेते. सासूबाईंना सिस्टरांचं उत्तर वाचून दाखवलं, जायफळाचं ऐकून त्या एकदम गप्प झाल्या, दुसऱ्या दिवशी गुटीचं सगळं सामान पुसून त्यांनीच कपाटात वर ठेवलं. मीठ-मोहरी उतरवतात अजून, उतरवू देत.

मिस्टरांना मी काही सांगितलंच नाही, दादांचं उत्तर फोनवर पाठवलं. रात्री आले, हात धुतले आणि म्हणाले आण इकडं. पहिल्या दिवशी सात वेळा उचललं त्यांनी, मी बाहेर सासूबाईंजवळ बसून मोजत होते. काल दोन. रात्रीतून उठणं अजून आहे, पण आता तीन-साडेतीन तासांनी. एक दिवस पाहुणे आले होते तर सगळं फिसकटलं, साडेबारा वाजले.

परवापासून तो एका कुशीवर वळायला बघतोय, म्हणून दुपट्यात गुंडाळणं कालच बंद केलं, आणि दचकणं परत थोडं वाढलंय. छातीवर हात ठेवते तोवर ठीक, हात काढला की हलतो. सिस्टर, हे किती दिवस चालतं?

निवृत्त_सिस्टर_सोलापूर:
चार-पाच रात्री, फार तर आठवडा. हात जरा जास्त वेळ ठेव, आणि काढताना आधी वजन कमी कर, मग बोटं उचल. पाठीवर ठेवलंस आणि त्याचं तो वळला, परत उलटा पण आपला आपण होतो, तर सारखं सरळ करत बसू नकोस. तूही नऊलाच आडवी होत जा गं.