पूर्वेकडचं अंगण, पहिली फुलबाग: पावसाआधी काय करून ठेवावं?

नवीअंगणवाली
नाशिकला तळमजल्यावर घर आहे. समोरचं अंगण १२ फूट रुंद, १० फूट लांब. घर पश्चिमेला, त्यामुळे ऊन सकाळपासून साधारण एकपर्यंत. माती काळी, चिकट. वरच्या थरात बांधकामाचा राडारोडा. मोगरा, गुलाब, शेवंती आणि दसऱ्यापुरता झेंडू हवा आहे. शिवाय संध्याकाळी सासूसासरे, आम्ही दोघं आणि दोन वर्षांची मुलगी निवांत बसू अशी जागा. बाग पहिलीच आहे. मेचे दोन आठवडे हातात आहेत, सुरुवात कुठून करू?

मातीशीगाठ
रोपं आणायची घाई नको. आधी बसायची जागा आखा, कारण ती नंतर हलवता येत नाही. ती घराच्या भिंतीलगत घ्या: एकनंतर तिथे घराचीच सावली येते, म्हणजे पाच वाजता फरशी तापलेली नसते. पाच जणांना ६ बाय ५ फूट पुरतं. ३ इंच मुरूम टाकून धुमसाने ठोका, वर १ इंच वाळू, त्यावर शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली. गुळगुळीत फरशी पावसात शेवाळली की वयस्कर माणसांसाठी धोक्याचीच. उतार भिंतीपासून बाहेर, ५ फुटांना १ इंच. सांधे सिमेंटने भरू नका, पाणी मुरू द्या. बाक १७-१८ इंच उंच आणि हात टेकायला दांडी असलेला घ्या. बुटक्या बाकावरून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो.

आता माती. एक फूट खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. चार तासांनीही पाणी दिसत असेल तर जमिनीत थेट लागवड करू नका. जुलैत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं पिवळी पडतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं! असं पहिलं झाड बहुतेक वेळा जास्त पाण्यानेच जातं.

उपाय म्हणजे उंच वाफा. विटा नुसत्या रचून ९ इंच उंची, लांबी ८ फूट, रुंदी २ फूटच, म्हणजे एका बाजूने हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. भरायला १२ घनफूट, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनी मोजलं तर १० गोण्या: ५ माती, ३ जुनं शेणखत, २ जाड वाळू किंवा भाताचं तूस. आतली जमीन आधी वीतभर खणून मोकळी करा, नाहीतर खाली थाळीसारखं पाणी साचतं. पहिल्या पावसात भर दीड-दोन इंच बसते. ऑगस्टमध्ये वरून खत-माती घाला. वाफा आणि घराची भिंत यांत फूटभर अंतर हवंच, ओल आत येते.

राडारोडा वेचून बाहेर काढा. सिमेंट-चुन्याने माती विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) होते, झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की तेच समजा. तेव्हा हिराकस (फेरस सल्फेट, त्यात लोह असतं) लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, संध्याकाळी फवारा.

शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलंच घ्या. ओलं शेण तापतं आणि त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही येते.

कळीपाकळी
वरचं सगळं पटलं. लागवडीबद्दल लिहिते. उंच झाडं (तगर, जास्वंद) उत्तरेच्या कडेला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. उंच झाड दक्षिणेला असलं तर शेवंती ऐन बहरात सावलीत जाते.

मोगरा: एक-दोन चांगले पाऊस झाले की लावा, दोन रोपांत अडीच ते तीन फूट. पहिल्या वर्षी फुलं थोडी, निराश होऊ नका. दुसऱ्या वर्षापासून डिसेंबरअखेर पाणी तोडायचं, जानेवारीत गुडघ्याएवढी छाटणी, मग शेणखत आणि भरपूर पाणी. वर्षभर रोज पाणी घातलेला मोगरा नुसता पानांनी भरतो. कळ्या जांभळट होऊन गळल्या तर आत अळी असते. त्या वेचून नष्ट करा.

गुलाब: कलमाचा सांधा मातीच्या वर दोन इंच ठेवा. सांध्याखालून येणारे फुटवे लगेच मुळापासून काढा, ते खुंटाचे (ज्या रानटी झाडावर कलम बांधलेलं असतं त्याचे) असतात आणि कलमाला मारतात. यंदा ऑक्टोबरमध्ये फक्त वाळक्या, बारीक फांद्या काढा. खरी छाटणी पुढच्या वर्षी.

झेंडू: दसऱ्याच्या तारखेपासून ८५-९० दिवस मागे मोजून बी टाका. तीन-साडेतीन आठवड्यांनी रोपं फुटाच्या अंतराने लावा, मग आणखी दोन आठवड्यांनी शेंडा खुडा. खुडायला उशीर झाला तर फुलं दसऱ्यानंतर येतात.

तुम्ही संध्याकाळी बसणार आहात, तर बाकाजवळ निशिगंधाचे १०-१२ कंद लावाच, दोन इंच खोल, वीतभर अंतराने. गुलबाक्षीही चार-पाचला उमलते, मुलांना ते बघायला फार आवडतं. रातराणी मात्र खिडकीपासून लांब, उग्र वासाने अनेकांचं डोकं दुखतं.

हिरवाचाफा
घरात दोन वर्षांचं मूल आहे, म्हणून दोन गोष्टी. कण्हेर नको, लाल नाही आणि पिवळी तर नाहीच; पिवळीची बी अत्यंत विषारी. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाका. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतात.

नवीअंगणवाली
सगळ्यांचे मनापासून आभार! एक राहिलं: दक्षिणेच्या कोपऱ्यावर रस्त्याच्या दिव्याचा प्रकाश रात्रभर पडतो. तिथे शेवंती चालेल का?

कळीपाकळी
नाही, तिथे नको. शेवंतीला कळी धरायला मोठी, अखंड अंधारी रात्र लागते. दिव्याखाली झाड हिरवंगार वाढतं, पण कळ्या लांबतात किंवा येतच नाहीत. त्या कोपऱ्यात सदाफुली किंवा झेंडू लावा आणि शेवंती अंधाऱ्या बाजूला, पण सकाळचं ऊन मिळेल अशी. जूनअखेर मुळं असलेले फुटवे लावा, महिन्याने शेंडा खुडा.

मातीशीगाठ
त्या कोपऱ्यात वाफा करण्याआधी पाऊस पडताना पाणी कुठे वाहतं ते एकदा बघा. चिकट मातीत कुंपणाच्या कोपऱ्यातच पाणी तुंबतं. तिथे भिंतीला तळाशी दोन इंची पाइपाचं भोक ठेवलं तर झाडं वाचतात.