मदत हवी आहे: एक्स-मेन चित्रपटांच्या कालक्रमातल्या १९७३ च्या आधीच्या गाठी कशा सोडवायच्या?

मंडळी, आधी रसभंगाचा इशारा: जन्मतः अचाट शक्ती असलेल्या ‘म्यूटंट’ माणसांच्या, २००० पासून २०१९ पर्यंतच्या एक्स-मेन चित्रपटांची सगळी रहस्यं पुढे उघड केली आहेत.

माझी भाची यंदा ही मालिका पहिल्यांदाच बघते आहे. तिच्या खोलीत लावायला मी एक लांब कालपट करते आहे. वर सालं, खाली घटना आणि प्रत्येक पात्राची स्वतंत्र रंगाची रेघ. लोगनची, म्हणजे फार हळू म्हातारा होणाऱ्या वुल्व्हरिनची, रेघ सगळ्यांत लांब: १८४५ मध्ये कॅनडातला लहानगा जेम्स हाउलेट, मग अमेरिकेतलं यादवी युद्ध, दोन्ही महायुद्धं, १९४५ चं नागासाकी, व्हिएतनाम आणि शेवट २०२९ मध्ये. ही रेघ मला फार आवडते, आणि ती बऱ्यापैकी सरळही जाते. अडचण बाकीच्यांची आहे.

दिग्दर्शक बदलले, पटकथाकार बदलले, स्टुडिओला आधीच्या भागांचं बंधन नको होतं, हे मला ठाऊक आहे आणि ते खरंही असेल. पण मला चित्रपटांच्या आतलं उत्तर हवं आहे. पडद्यावर जे दिसलं आणि जे बोललं गेलं, तेवढ्याच आधारावर किती जुळवता येतं ते बघायचं आहे.

मुख्य चौकट मी अशी धरली आहे. ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ (२०१४) मध्ये किटी प्राइड २०२३ मधून लोगनची जाणीव १९७३ मधल्या त्याच्या शरीरात पाठवते. पॅरिसच्या शांतता कराराच्या वेळी रूप बदलणारी मिस्टिक ही म्यूटंटांना मारणारे सेंटिनेल्स यंत्रमानव बनवणाऱ्या बोलिव्हर ट्रास्कला मारते, ते थांबवायचं असतं. ते थांबतं आणि काळाला फाटा फुटतो. म्हणजे १९७३ पर्यंतचं सगळं दोन्ही फाट्यांना सामाईक. जुन्या फाट्यावर लोगनची पूर्वकथा सांगणाऱ्या ‘ओरिजिन्स’चा उत्तरार्ध, पहिले तीन चित्रपट, जपानमधला ‘द वुल्व्हरिन’ आणि सेंटिनेल्सनी उद्ध्वस्त केलेलं २०२३. नव्या फाट्यावर १९८३ चं ‘अपोकॅलिप्स’, १९९२ चं ‘डार्क फिनिक्स’, लोगन जागा होतो ते सुखाचं २०२३ आणि बहुधा २०२९ चा ‘लोगन’.

या चौकटीत १९७३ नंतरचे बदल मला चालतात. एक्स-मेनमधले जीन आणि स्कॉट एका फाट्यावर मेले नि दुसऱ्यावर जिवंत आहेत, यात काही गैर नाही. पण १९७३ च्या आधीचं काही बदलता येत नाही, आणि गाठी तिथेच बसल्या आहेत.

पहिली गाठ मनं वाचणारा चार्ल्स आणि त्याचा मित्र, पुढे विरोधक झालेला एरिक यांच्या भेटीची. २००० च्या चित्रपटात चार्ल्स लोगनला सांगतो की सतरा वर्षांचा असताना त्याला एरिक लेनशर नावाचा तरुण भेटला. ‘फर्स्ट क्लास’मध्ये १९४४ ला चार्ल्स लहान मुलगा आहे आणि एरिक त्याला भेटतो तो १९६२ मध्ये, म्हणजे चार्ल्स ऑक्सफर्डचा शिक्षणक्रम संपवून बसल्यावर. त्याच पहिल्या चित्रपटात चार्ल्स म्हणतो की सेरेब्रो हे म्यूटंट शोधायचं यंत्र बांधायला एरिकनं मदत केली. ‘फर्स्ट क्लास’मध्ये तर ते यंत्र शास्त्रज्ञ म्यूटंट हँक मकॉयनं उभारलेलं दिसतं.

दुसरी गाठ चार्ल्सच्या पायांची, आणि हिनं मला सगळ्यांत जास्त छळलं आहे. १९६२ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर गोळी लागून तो अधू होतो. तरीही ‘ओरिजिन्स’च्या शेवटी मुलांना न्यायला येतो तेव्हा उभा आहे, आणि ‘द लास्ट स्टँड’च्या सुरुवातीला छोट्या जीनच्या घरी चालत जातो, तेही एरिकबरोबर! हँकच्या औषधानं तो चालू शकतो हे १९७३ मध्ये कळतं, म्हणून मी आधी तिथेच उत्तर शोधलं. पण त्या औषधाची अट अशी की पाय मिळाले की मनं वाचायची शक्ती जाते. ‘ओरिजिन्स’मध्ये तर डोळे बांधलेल्या स्कॉटला त्याचाच आवाज मनातून वाट दाखवतो. पाय आणि शक्ती दोन्ही एकदम कसे?

तिसरी गाठ जन्मसालांची. ‘डार्क फिनिक्स’ सांगतो की १९७५ मध्ये जीन आठ वर्षांची होती, म्हणजे जन्म १९६७ च्या आसपास. ‘द लास्ट स्टँड’मध्ये ‘वीस वर्षांपूर्वी’ ती दहा-अकराची दिसते. तो चित्रपट प्रदर्शनाच्या वर्षी, २००६ मध्ये घडतो असं धरलं तर जन्म १९७६ च्या आसपास येतो. १९७३ मध्ये फुटलेला फाटा १९६७ चा जन्म हलवू शकत नाही. वॉरनचं तर त्याहून अवघड आहे. ‘द लास्ट स्टँड’मध्ये तो ‘दहा वर्षांपूर्वी’ न्हाणीघरात आपले पंख कापणारा लहान मुलगा आहे. ‘अपोकॅलिप्स’मध्ये १९८३ ला पूर्व बर्लिनच्या पिंजऱ्यात लढणारा पंखवाला तरुण मग कोण?

मोइरा मॅक्टॅगर्टचंही असंच. १९६२ मध्ये ती सीआयएची अधिकारी, ‘द लास्ट स्टँड’मध्ये डॉक्टर आणि तिथे असायला हवी त्यापेक्षा वयानं बरीच लहान.

आणखी एक विचारायचं होतं. ‘द लास्ट स्टँड’मध्ये फिनिक्स म्हणजे जीनच्याच आत दडपलेलं दुसरं व्यक्तिमत्त्व, चार्ल्सनं लहानपणापासून कुलूप लावून ठेवलेलं. ‘डार्क फिनिक्स’मध्ये ती शक्ती १९९२ च्या अंतराळमोहिमेत बाहेरून येते. पण १९८३ मध्येच, अंतराळात जाण्याच्या कितीतरी आधी, जीन ती आग बाहेर काढून अपोकॅलिप्सला संपवते. मग तिच्या शक्तीचा उगम नेमका कुठला लिहू?

जाणकारांनी कृपया मदत करावी. एखाद्या संवादाचा किंवा दृश्याचा आधार दिलात तर फार बरं.

प्रतिसाद १

एम्माची गाठ तुम्ही घेतलेली नाही, पण ती सुटते म्हणून सांगतो. ‘ओरिजिन्स’मधली हिऱ्याच्या कातडीची कैदी मुलगी आणि ‘फर्स्ट क्लास’मधली एम्मा फ्रॉस्ट या वेगळ्याच असणार. १९७३ मध्ये विमानात एरिक मेलेल्या सोबत्यांची नावं घेतो त्यात एम्माचं नाव आहे. ती तेव्हाच गेली असेल तर नंतर तुरुंगात तरुण मुलगी म्हणून कशी दिसेल? दोन रेघा काढा.

‘एक्स-२’मध्ये दारूच्या गुत्त्यातल्या टीव्हीवर हँक साध्या माणसाच्या रूपात दिसतो, तेही औषधामुळे जुळतं. निळं रूप त्याला १९६२ लाच मिळालं होतं आणि ते लपवायचं औषध त्याच्याकडे होतं.

प्रतिसाद २

ताई, तिसऱ्या गाठीवर माझ्याकडे एक धागा आहे. तुम्ही ‘द लास्ट स्टँड’ २००६ मध्ये घडतो असं धरलंत, पण पडद्यावर तसं साल कुठेच येत नाही. पहिल्या चित्रपटात १९४४ च्या छळछावणीनंतर फक्त ‘नजीकचं भविष्य’ एवढीच पाटी येते. त्यामुळे साल दुसरीकडून काढावं लागेल.

‘एक्स-२’मध्ये चार्ल्सच्या शाळेवरच्या हल्ल्याच्या रात्री लष्करी अधिकारी स्ट्रायकर लोगनला बघून म्हणतो की आपली भेट होऊन पंधरा वर्षं झाली, आणि तू जराही बदलला नाहीस. आता ‘ओरिजिन्स’चा शेवट घ्या. व्हिएतनामनंतर लोगन स्ट्रायकरच्या तुकडीत जातो, तिथून बाहेर पडतो आणि पुढे सहा वर्षं जातात. शेवटची मारामारी थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीवर होते, आणि खऱ्या इतिहासात तिथला अपघात मार्च १९७९ चा. त्यात पंधरा मिळवले की ‘एक्स-२’ येतो १९९४ च्या आसपास. ‘द लास्ट स्टँड’ त्यानंतर थोड्याच काळात घडतो. त्यातून वीस वर्षं मागे गेलात की १९७५ ते १९७७. तेव्हा जीन दहाची असेल तर जन्म १९६५ ते १९६७! तुमचं ‘डार्क फिनिक्स’चं साल बरोबर तिथेच बसतं.

यातून पहिल्या गाठीचा अर्धा भागही सुटतो. १९६२ मध्ये दोघं वेगळे झाले, पुढे केनेडींच्या हत्येचा आळ येऊन एरिक पेंटॅगॉनच्या खाली कैदेत गेला. जुन्या फाट्यावर त्याला कोणी सोडवलं ते दाखवलेलं नाही. पण सत्तरच्या दशकाच्या मध्याला तो चार्ल्सबरोबर जीनच्या दारात उभा आहे, म्हणजे मधल्या काळात दिलजमाई झाली. शाळेतलं मोठं सेरेब्रो दोघांनी त्याच काळात बांधलं असं धरायला जागा आहे. हँकनं १९६२ ला उभारलेलं यंत्र सीआयएच्या तळावर होतं, आणि खलनायक शॉनं तो तळ उद्ध्वस्त केला.

पायांचं उत्तर माझ्याकडे नाही. सतरा वर्षांचंही नाही.

वॉरन मात्र या हिशोबानं जास्तच फसतो. ‘द लास्ट स्टँड’ १९९६ चा धरला तर त्याचं न्हाणीघर १९८६ मध्ये येतं. १९८३ मध्ये तो सात-आठ वर्षांचा असायला हवा. बर्लिनचा तरुण दुसराच कोणी पंखवाला, असं मानल्याशिवाय सुटका नाही.

धागाकर्ती

पंधरा वर्षांचं वाक्य माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार. आत्ता पुन्हा तो प्रसंग लावून ऐकला. जीनची रेघ मी आता एकाच रंगात ओढते आहे.

पण यानं दुसरीकडे ताण येतो, तो सांगते. पहिला चित्रपट १९९४ च्या आसपास धरला तर बॉबी आणि किटी त्या वेळी सोळा-सतराचे. २०२३ मध्ये, सेंटिनेल्सशी लढताना, ते पंचेचाळिशीच्या पुढे असायला हवेत. पडद्यावर ते तिशीच्या आसपासचे दिसतात. तरी हे मला सोसतं. चार्ल्स आणि एरिक १९६२ पासून १९९२ पर्यंत जवळजवळ तसेच दिसतात. १९४४ मध्ये मुलगा असलेला एरिक १९९२ मध्ये साठीचा हवा. चेहऱ्यावरून वय काढणं या मालिकेत कुठेच चालत नाही, तेव्हा संवादातली सालं वरचढ धरते.

प्रतिसाद ३

माझं मत थोडं वेगळं आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत एक पाठ वर घेतात आणि बाकीचे पाठभेद तळटीपांत जपतात, फेकून देत नाहीत. तुमच्या कालपटालाही तेच करा. सतरा वर्षांचा संवाद आणि चालणारा चार्ल्स हे पाठभेद म्हणून खाली बारीक अक्षरांत लिहा. ते खोटं ठरवायची गरज नाही.

फिनिक्सबद्दल: हँक १९७३ मध्येच काळाला नदीची उपमा देतो. खडा टाकला तर तरंग उठतात, पण प्रवाह पुन्हा आपल्या वाटेला लागतो. जीनची आग तिच्यात जन्मापासून आहे हे १९८३ मध्ये दिसतंच. १९९२ ला अंतराळातून आलं ते तिच्या आगीत पडलेलं इंधन, असं वाचलं तर दोन्ही फाट्यांवर तिचा उगम एकच राहतो. आणि दोन्हीकडे चार्ल्सनं लहानपणी तिच्या मनात भिंती बांधल्या आहेत, ते तर सारखंच आहे.

‘लोगन’ नव्या फाट्यावर ठेवताना एक तपासा. २०२९ मध्ये पंचवीस वर्षांत नवा म्यूटंट जन्मलेला नाही असं सांगितलं जातं, म्हणजे शेवटचा जन्म २००४ च्या सुमाराचा. सुखाच्या २०२३ मध्ये शाळेत दिसणारे सगळे विद्यार्थी मग एकोणीसच्या पुढचे मानावे लागतील.

धागाकर्ती

इंधनाचं वाचन मला पटलं. १९६७ च्या जन्मापासून निघणारी एकच रेघ, १९९२ ला ती जाड होते, असं काढीन.

तळटीपा द्यायला हरकत नाही, पण चार्ल्सच्या पायांना इतक्या लवकर तळटीपेत ढकलवत नाही. गोळी लागून चालणं गेलं, ते औषधानं परत मिळालं आणि शक्ती हवी म्हणून त्यानं स्वतःहून ते सोडलं, हा त्या माणसाचा सगळ्यांत मोठा निर्णय आहे. १९७३ मध्ये तो निर्णय घ्यायला लोगन समोर उभा होता. जुन्या फाट्यावर लोगन आलाच नाही. मग तिथे त्यानं औषध कधी आणि कशासाठी थांबवलं? की हँकनं पुढे औषधाची मात्रा अशी बसवली की दोन्ही थोडंथोडं टिकावं? तसं असेल तर १९७९ मधलं उभं राहणं आणि स्कॉटच्या मनातला आवाज एकत्र नांदू शकतात. पुढे कधीतरी ते औषध लागू पडेनासं झालं आणि चाकाची खुर्ची कायमची आली, असंही होऊ शकतं. या तर्काला आधार देणारा किंवा तो पाडणारा एखादा संवाद कुणाला आठवतो का? ‘एक्स-२’ आणि ‘द लास्ट स्टँड’मधले हँकचे प्रसंग मी या शनिवारी पुन्हा बघणार आहे. त्याआधी कुणी नेमकी जागा सांगितलीत तर तिथूनच सुरुवात करीन.