विंडोज १० वाला जुना लॅपटॉप, लिनक्स शिकायचंय: कुठून सुरुवात करू?

तुळशीवृंदावन
नमस्कार मंडळी. बारा वर्षांचा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही. दुकानदार म्हणतो भंगारात द्या, भाची म्हणते लिनक्स टाक. वय ५४. आमच्या सोसायटीचा हिशेब माझ्याकडे असतो: पावत्यांचे स्कॅन, मराठीतल्या नोटिसा, थोडं एक्सेल. स्कॅनचा फोल्डर म्हणजे नुसता उकिरडा झालाय, नऊ वर्षांचा.
कुठलं लिनक्स घेऊ? त्या काळ्या खिडकीत टाइप करावंच लागतं का? (खरं सांगायचं तर तेच शिकायचंय. भाची चार अक्षरं बडवते आणि काम होतं, हेवा वाटतो.) मराठी टायपिंग होईल ना?

घाटवाट
ताई, डोळे मिटून लिनक्स मिंट, त्यातलं एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं. कमीत कमी २ जीबी रॅम मागतं, ४ मध्ये बरं चालतं. पेन ड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि आठवडाभर इन्स्टॉल न करता वापरून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते तिथेच कळतं. विंडोजला धक्का लागत नाही. आणि ते इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर. त्याआधी नाही म्हणजे नाही.
जमलं तर साध्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून घ्या. फरक सिस्टीम बदलण्यापेक्षा जास्त जाणवेल.

कोरा_चहा
शिकायचंच आहे तर फ्रीबीएसडी का नाही? लिनक्ससारखीच पण वेगळी मोफत सिस्टीम, १९९३ पासून आहे. लिनक्स ज्याच्यावर बेतलंय त्या युनिक्सच्या बर्कली शाखेचा थेट वंश. हँडबुक इतकं नीटनेटकं की वाचत वाचत माणूस तयार होतो. मिंटवर माउस फिरवून काय शिकणार?

घाटवाट
अहो, त्यांना नोटिसा छापायच्या आहेत! फ्रीबीएसडीवर आधी डेस्कटॉप बसवा, मग जुन्या वायफायशी झुंजा. हँडबुक उत्तम आहे, मान्य. पण पोहायला शिकवायचं म्हणून पहिल्याच दिवशी विहिरीत ढकलायचं का?

शाईचा_डाग
दोघेही थांबा जरा. वीस वर्षं सर्व्हर सांभाळून निवृत्त झालोय, म्हणून लांबण लावतो.
ताई, कुठलं घ्यायचं यावर लोक महिना घालवतात आणि शिकत काहीच नाहीत. मिंट घ्या, विषय संपला. काळ्या खिडकीतल्या ज्या कमांड सुरुवातीला लागतात त्या मिंटवर, फ्रीबीएसडीवर, अगदी मॅकवरही जवळपास त्याच आहेत. विंडोज ठेवायचंच असेल तर त्याच्या आत डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकूनही त्या शिकता येतात, पण ४ जीबीत दम लागेल.
खरा सल्ला असा की पुस्तक घेऊन शिकू नका, तुमचा तो उकिरडा घेऊन शिका. फोल्डरची एक प्रत काढा आणि प्रतीवरच हात साफ करा.
पहिल्या दिवशी तीनच शब्द. पीडब्ल्यूडी: नाव ऐकून खड्डे आठवतील, पण इथे ते आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते सांगतं. एलएस: इथे काय काय पडलंय. सीडी: दुसरीकडे जा. इतकी त्रोटक नावं का? १९६९ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं तेव्हा पडदे नव्हते. टेलिटाइप यंत्र होतं, सेकंदाला १० अक्षरं छापणारं. तिथे कोण लांबलचक लिहिणार?
मग टॅब आणि वरचा बाण, या दोन किल्ल्या. नावाची पहिली तीन अक्षरं लिहून टॅब दाबलं की उरलेलं तो भरतो. वरचा बाण मागची कमांड परत आणतो. हे माहीत नसल्यामुळे निम्मे लोक कंटाळून सोडून देतात.
आता नवख्यांना हमखास नडणाऱ्या गोष्टी. पासवर्ड टाइप करताना मिंटवर सहसा नुसते तारे दिसतात, पण बऱ्याच सिस्टीमवर काहीच उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करून एंटर मारा. कंट्रोल-सीने कॉपी होत नाही, चालू काम थांबतं. कॉपीला सोबत शिफ्ट दाबा. चुकून कंट्रोल-एस दाबलं तर सगळं गोठतं, कंट्रोल-क्यूने सुटतं. मोठी आणि छोटी लिपी वेगळी धरली जाते. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असं काही नाही, सगळं एकाच मुळापासून फुटतं आणि ते मूळ म्हणजे नुसती एक तिरकी रेघ. आणि नावात मोकळी जागा असेल तर 'पावती मार्च' ही एक नाही, दोन फाइल समजल्या जातात. नाव अवतरणात घाला. तुमच्या स्कॅनमध्ये हे ढीगभर निघेल.
अडलं तर मॅन लिहून पुढे कमांडचं नाव. सगळी माहिती येते, बाहेर पडायला क्यू. भाषा रुक्ष आहे, पण उदाहरणं सहसा शेवटी असतात, तिकडून वर वाचा.
यानंतर पाइप, म्हणजे उभी रेघ. एका कमांडचं उत्तर दुसरीच्या तोंडात. कल्पना डग मॅकइलरॉय यांची, युनिक्समध्ये आली १९७३ साली. भाची चार अक्षरं बडवते म्हणालात ना, ती बहुधा हीच जादू.

निमूट
वरच्या यादीत आरएम राहिलं, फाइल उडवणारी कमांड. मला 'स्कॅन'ने सुरू होणाऱ्या फाइल उडवायच्या होत्या. स्कॅन आणि तारा (*) यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली. तारा म्हणजे 'सगळं'. फोल्डर रिकामा. रिसायकल बिन वगैरे भानगड तिथे नसते. मुलीच्या बारशाचे फोटो होते हो. तेव्हापासून आरएमच्या जागी आधी एलएस लिहून यादी बघतो, मगच शब्द बदलतो.

बाराखडी
मराठीचं सांगते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड) लगेच चालतं. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेस टाका. जुन्या नोटिसा श्रीलिपीसारख्या बिनयुनिकोड फॉन्टमध्ये असतील तर खरी डोकेदुखी तीच. त्या आधी विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. फाइलची नावं मात्र इंग्रजीत ठेवा, टर्मिनलमध्ये (म्हणजे त्या काळ्या खिडकीत) काना-मात्रा बऱ्याचदा सुटे पडतात. एक्सेलच्या फाइल लिब्रेऑफिस उघडतं, मॅक्रो असतील तर तपासा. टॅली थेट चालत नाही.
शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे छोटे व्हिडिओ मराठीतून आहेत, फुकट. पडद्यावर जुनं उबुंटू दिसेल, हरकत नाही. कमांड त्याच आहेत.

तुळशीवृंदावन
तीन आठवड्यांनी येतेय. मिंट बसलं. प्रिंटर पेन ड्राइव्हवरच चालला होता म्हणून धीर आला. कंट्रोल-एसचं वाचलं होतं तरी सगळं गोठलं तेव्हा दोनदा कीबोर्ड उलटा करून झटकलाच.
उकिरड्याच्या प्रतीवर काम चालू आहे. फाइंडने पीडीएफ शोधून पाइपमधून डब्ल्यूसीला मोजायला दिले, आले १,१४०. मला तर जास्त वाटत होते. भाचीला न विचारता मॅन उघडलं आणि दीड तासाने सापडलं: जुना स्कॅनर शेवटची तीन अक्षरं मोठ्या लिपीत लिहायचा. नेमच्या जागी आयनेम (मोठी-छोटी लिपी एकच धरणारं) घातलं, १,८६२!
आता नावातल्या मोकळ्या जागा एकदम काढायच्या आहेत, सगळ्या फाइलच्या. एकेक करत बसले तर दिवाळी येईल. निमूटदादा, आधी यादी कशी बघू?

निमूट
रिनेम कमांड टाकून घ्या ताई. तिच्यापुढे आडवी रेघ आणि एन जोडलं की नुसतं काय बदलणार ते दाखवते, बदलत नाही. आणि मूळ फोल्डर अजून बाहेरच्या डिस्कवर आहे ना, तेवढं आधी बघून या.